दिवसाची झोप

विमान कर्मचाऱ्यांच्या मुक्कामासाठी हॉटेलं पारखणं हे माझं काम. आज एका मॅनेजरला चांगलंच फैलावर घेतलं. "पडद्यातून उजेड येतोय, खोली लिफ्टला खेटून, वर तुमचा माणूस भरदुपारी बेल वाजवतो! रात्रभर जागलेल्यांनी झोपायचं कधी?"

"साहेब, किती बारीक कळतं हो तुम्हाला!"

"कळणारच. बायको नर्स आहे, कायम रात्रपाळी," मी ऐटीत म्हणालो.

तीन वाजता घरी पोचलो. बेल वाजवली. दार उघडेना, म्हणून बोट दाबूनच धरलं.

बायकोनं दार उघडलं. उजेड लागू नये म्हणून डोळ्यांवर बांधलेली ओढणी कपाळावर सरकवत म्हणाली, "आलास? चहा टाकते."

मला तिच्याकडे बघवेना. किल्ली माझ्या खिशातच होती.