भिंतीतलं पठण

नाईलमध्ये नाव उलटली, त्यात इरिनीचा मुलगा बिशोय बुडाला आणि शेजारच्या नफीसाचा यासीनही. दोघांची प्रेतं काही सापडली नाहीत.

ते बुडाल्याच्या चाळिसाव्या दिवशी दुपारी इरिनीला स्वयंपाकघराच्या भिंतीतून बिशोयचा आवाज आला. तो चर्चमधलं स्तोत्र म्हणत होता. तिनं धावत जाऊन नफीसाला आणलं.

नफीसानं भिंतीला कान लावला आणि तिला रडूच फुटलं. "अगं बिशोयच्या आई, हा माझा यासीन! कुराण म्हणतोय."

"वेड लागलंय तुला? येशूचं नाव घेतोय तो!"

"मला माझ्या पोराचा आवाज कळत नाही?"

"मग मला कळत नाही?"

पठण थांबलं. मागच्या दारावर थाप पडली.

"आई," बाहेरून आवाज आला, "एकालाच सोडलंय. दार उघड."

नफीसा कडीकडे झेपावली. इरिनीनं केस धरून तिला मागे ओढलं.

बाहेर कुणीतरी खुदकन हसलं.