नाव न घेतलेला नवरा

कुमुदिनीबाईंचे यजमान काल दुसऱ्यांदा वारले. मृतांची मनं सांभाळणाऱ्या स्मृतिभवनाच्या लेखी मात्र तसं काही घडलंच नव्हतं; तिथल्या यंत्राच्या नोंदीत असा माणूस कधी नव्हताच.

"रोज तासभर बोलायचे की मी त्यांच्याशी!" बाई म्हणाल्या.

"नाव घेऊन?" निनाद इंजिनिअरने विचारलं. "ज्याचं नाव कोणी घेत नाही, त्याला सफाईचा प्रोग्राम कचरा समजून झाडतो."

"इश्श! नाव कसं घेणार? 'अहो' म्हणायचे."

"'अहो' इथं सगळेच आहेत, आजी. फक्त नाव मोजायचं, हे मी प्रोग्राम कंपाइल करून पक्का करतानाच ठरवलं. आता बदलायचं तर सगळे मृत पुसावे लागतील."

कुमुदिनीबाईंनी पदर सावरला आणि आयुष्यात पहिल्यांदा, उखाण्याशिवाय, हाक मारली, "दिगंबर!"

यंत्र लगेच बोललं, "अशी व्यक्ती आढळत नाही. तक्रारीसाठी संबंधित मृताने ओळखपत्रासह समक्ष हजर राहावे, ही विनंती."