उत्तमरावांची पारख

नत्थुजी भोयाचे हात आता वल्ह्याला पूर्वीसारखी साथ देत नव्हते, म्हणून पूर्णा नदीवरची आपली मासेमारीची जुनी नाव त्याने विकायला काढली. पल्याडच्या गावचे उत्तमराव भाजीवाले ती तीनदा पाहून गेले. दर खेपेला नत्थुजीच त्यांना नावेतून आणायचा आणि परत पोचवायचा, कारण पुलाचा कागद अजून नागपुरातच अडकला होता.

चौथ्या खेपेला उत्तमरावांनी बुडाच्या फळीत काडी खुपसून पाहिली.

"सडली हाये, नत्थू. पह्यल्याच पुरात बुडते ही. फुकट देशीन तर नेतो."

नाव नत्थुजीच्या बापाने घडवलेली. बोल त्याच्या काळजाला लागला.

तेवढ्यात आभाळ भरून आलं, नदीचं पाणी चढू लागलं. उत्तमराव धोतर सावरत घाईघाईने नावेत जाऊन बसले.

"चाल बापा, सोड मले घरी."

"उतरा भाऊ," नत्थुजी म्हणाला. "तुमचं बोलनं मले पटलं. बुडत्या नावेत तुमाले कसा नेऊ?"



उत्तमरावांनी एकवार नदीकडे पाहिलं. "दोन फळ्या बदलल्या का नवीच हाये म्हना, नत्थुजी. बोला, काय घेता?"