अंकुर आहारगृहाची अभिप्राय वही

‘भाकरी वातड. आमटीत मीठ न्हाई. मालकानं एकदा सवता खाऊन बघावं.’

अवधूतनं वाचून दाखवलं आणि अभिप्रायाची वही बायकोसमोर आपटली. “आठवड्यात तिसऱ्यांदा.”

शकुंतला मटकी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. “मीठ कमी पडलं असेल.”

“मीठ मोजून घालतो मी.”

“मग वाटलं असेल कुणाला तरी.”

कुणाला, हेच तर अवधूतला हवं होतं. खाली नाव नाही, गाव नाही.

सांगलीत विश्रामबागेकडं ‘अंकुर आहारगृह’ उघडून अकरा महिने झाले होते. दूध नाही, तूप नाही, साखर नाही. मोडाची उसळ, नाचणीचं आंबील, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याचं दही. अवधूत साखर कारखान्याच्या ऑफिसात हेडक्लार्क. काविळीतून उठला तो असल्याच पथ्यावर, आणि आता हेच जगाला खाऊ घालायचं म्हणून वर्षाची बिनपगारी रजा टाकून बसला. साखर कारखान्याचा माणूस बिनसाखरेचं विकतोय म्हणून गल्ली पोट धरून हसली. हसू दे म्हणावं.

पहिले दोन महिने मात्र फार वाईट गेले. बाकडी रिकामी, वही कोरी. अवधूत कुणाशी बोलेना, जेवेना. मग एका संध्याकाळी तो मंडईतून परतला तर वहीत चार ओळी होत्या. ‘असं हलकं जेवण सांगलीत दुसरीकडं मिळत नाही. कु. भार्गवी.’ त्या दिवशी तो दोन भाकरी जेवला.

पुढं अभिप्राय येतच राहिले. मिरजेचे कुणी डॉक्टर, शिरवळच्या कंपनीतले साहेब, रहिमतपूरच्या एक बाई. गर्दी अशी डोळ्यांना दिसायची नाही, पण दुपारी तो मंडईत असताना येऊन जात असणार. पुढं शकुंतला असायचीच.

आणि आता हे. रजा संपायला चार दिवस राहिले होते. सोमवारी कामावर हजर व्हायचं, नाहीतर राजीनामा. राजीनामा लिहून घडी करून खिशात होता. तो पोस्टात पडत नव्हता तो या वाकड्यातिकड्या ओळींपायी. खरंच भाकरी वातड असली तर?

“सोमवारी जा ना कामावर,” शकुंतला म्हणाली. “इथलं मी बघते जमेल तसं.”

“तुला कधीपासून वाटतं असं?”

“वाटायचं काय त्यात.”

तेवढ्यात त्याला तिच्या बोटावर शाई दिसली.

“ही कसली शाई?”

“वाईला पत्र लिहिलं आईला.”

फळीवरचं अंतर्देशीय पत्र त्यानं नंतर हळूच उलटून पाहिलं. कोरं होतं. अवधूतच्या मनात पाल चुकचुकली. नवरा नोकरीवर परत जावा असं हिच्याइतकं कुणाला वाटणार? अक्षर मुद्दाम वाकडं काढायला काय लागतं? गल्लीतल्या लग्नपत्रिकांवर नावं घालायला लोक हिलाच बोलवायचे. तीन दिवस तो तिच्याशी धड बोलला नाही.

शनिवारी दुपारी तो पिशवी घेऊन मंडईला म्हणून निघाला आणि बोळातून वळून मागच्या दारानं स्वयंपाकघरात येऊन बसला. पडद्याच्या फटीतून पुढं पाहू लागला.

शकुंतला पाणी भरायला नळावर गेली होती. कोपऱ्यात टोपीवाला एकच म्हातारा जेवत होता. त्यानं ताट पुसून खाल्लं, हात धुतले, चष्मा लावला आणि वही पुढं ओढली.

अवधूतनं जाऊन त्याचं मनगटच धरलं.

“कुणी पाठवलंय तुम्हाला?”

“कोण पाठीवणार?” म्हातारा गांगरला. “आप्पासो म्हंत्यात मला, तासगावाकडचा. साखरेचा इकार हाय, डाक्टरनं असलंच खा म्हटलंय.”

“समोरच्या खानावळवाल्यानं सांगितलं ना, लिहा म्हणून?”

“आवं, भित्तीवर तुमीच लिवलंय न्हवं, मोकळ्या मनानं लिवा. लिवलं.”

“एवढं वाईट लागतं तर येता कशाला?”

“पैल्यापरास बरं हाय की आता. आंबील लय सुदारलंय. म्हटलं, सांगत ऱ्हावं, मानूस सुदारतोय.”

“ही अक्कल दुसरीकडं शिकवा. पुन्हा पायरी चढू नका.”

आप्पासोनं टोपी नीट केली. शकुंतला घागर घेऊन दारात आली होती. तिचा चेहरा उतरला.

“अहो, असू द्या ना. चार महिने येतायत ते.”

“म्हणूनच.”

“येतो बाई,” आप्पासो तिला म्हणाला आणि गेला.

बायकोवर संशय घेतल्याची अवधूतला मनापासून लाज वाटली. पण जीव हलका झाला होता. सगळं वाईट एका हाताचं, तेही एका खोडसाळ म्हाताऱ्याच्या. मग भ्यायचं कुणाला? त्यानं लुना काढली.

तासाभरानं तो परत आला तेव्हा त्याच्या हातात अबोलीचा गजरा होता.

“दिला राजीनामा,” तो म्हणाला. “रजिस्टर करून आलो.”

शकुंतला होती तिथंच बाकड्यावर बसली.

“अशी काय बसलीस? दीडशे माणसांनी चांगलं लिहिलंय आपल्याबद्दल. एकट्या त्या म्हाताऱ्याचं काय घेऊन बसतेस?”

तिनं वही पुढं ओढली.

“अहो,” ती म्हणाली, “या वहीत लिहिणारं ते एकच गिऱ्हाईक होतं. बाकीची दीडशे माणसं मीच आहे.”