आधी कोण

भंडाऱ्याच्या कॉलेजात कंप्यूटर लॅब सांभाळायची नोकरी रीनाला चालून आली होती. नवरा सुगत म्हणाला, "मले काहून इचारतेस? आईले इचार." सासू म्हणाली, "तुह्या मामाजीले इचार." मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, पेपरातून डोकं न काढता सांगितलं, "पहिले सुगत काय म्हणते ते पाह्य."

ती आपल्या लिनक्सवाल्या कंप्यूटरकडे वळली. त्या जुन्या व्हर्जनची रिपॉझिटरी, म्हणजे सॉफ्टवेअर उतरवून घ्यायचं ऑनलाइन कोठार, केव्हाच बंद झाली होती, म्हणून हवं ते सॉफ्टवेअर तिनं दुसरीकडून शोधून आणलं होतं. त्याची पॅकेजं, म्हणजे कंप्यूटरवर टाकायच्या फायली, दोन. पहिलं टाकायला गेली तर ते म्हणे, आधी दुसरं टाक. दुसरं म्हणे, आधी पहिलं.

"अडकली ना? दे सोडून," सुगत मागून म्हणाला.

"एकमेकाच्या तोंडाकडं पाहून राहिले दोघं. आता आधी कोन ते इचारतच नाही, संगंच टाकतो." तिनं दोन्ही नावं एकाच ओळीत लिहिली आणि एंटर दाबलं. दोन्ही पॅकेजं निमूट बसली.



मग तिनं मोबाइल उचलला आणि घरच्या ग्रुपवर तिघांना एकच मेसेज टाकला: "सोमवारपासून नोकरीवर जाऊन राहिली मी. इचारून नाही राहिली, सांगून राहिली."