बद्द आवाज

जपानमधल्या सेतो गावच्या कारखान्यात विजेच्या खांबांवरचे चिनीमातीचे इन्सुलेटर भट्टीतून निघाले की कुराता प्रत्येकावर लाकडी हातोडी मारायचा. खणखणीत वाजला तर पास, बद्द वाजला तर जागीच फोडायचा. गेल्या वर्षी भट्टीमागून भट्टीचा माल बद्द वाजू लागला. “माती बिघडलीय,” त्याने साहेबांना सांगितलं. त्याच्या कानावर कोण शंका घेणार? माती कालवणाऱ्या इनुकाईला, त्याच्या जिवलग मित्राला, काढून टाकलं. “माती तीच आहे रे,” एवढंच तो म्हणाला. हिवाळ्यात इनुकाईने तळं जवळ केलं. उन्हाळा लागताच कुराताने ओसरीवर चिनीमातीची घंटी टांगली. वाऱ्याने ती वाजताच त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. “अगं, ही तडकलीय. बद्द वाजतेय.” “काहीतरीच तुमचं!” बायको हसली. त्याने हातोडी आणून घंटीवर हलकेच मारली. बद्दच. “ऐकलंत?” बायको म्हणाली, “कशी खणखणीत वाजली! इनुकाईभाऊजींच्या हातची माती आहे ती.”