एक नर, दोन माद्या

एटोशाच्या अभयारण्यात पाहिलेल्या जनावरांची नोंद प्रवासी स्वतःच तळावरच्या वहीत करतात. जेवणानंतर न्दापेवा गेंडा नोंदवायला गेली, तर तिथे ती, मैत्रीण हिलेनी आणि मित्र तांगेनी या तिघांचीच नोंद होती: 'सकाळी ९.४०, पाणवठा. पांढरी गाडी. एक नर, दोन माद्या.'

"नराला आयाळ नाही, तेही लिही," तिच्यामागे उभा तांगेनी टक्कल चोळत म्हणाला.

खाली त्याच निर्दय, अभ्यासू अक्षरात पुढची ओळ होती: 'सायंकाळी ५.१०, पूर्वेचे फाटक. पांढरी गाडी. दोन माद्या.'

घड्याळात दुपारचे दोनच वाजले होते.

सूर्यास्तापूर्वी त्याच फाटकातून बाहेर पडणे भाग होते. न्दापेवाने हिलेनीला गाडी चालवायला बसवले, दारे आतून लावली आणि मागच्या आसनावर तांगेनीचे मनगट घट्ट धरले.

"बाई, लघवीला तरी सोडशील?"

"बाटली आहे."

गाडी कुठेही थांबली नाही. तांगेनी घोरू लागला, तरी तिने पकड सैल केली नाही.

पाच दहाला फाटकावरच्या रक्षकाने वाकून माणसे मोजली.

"मेमे," तो अदबीने म्हणाला, "दोघीच का?"

"तिघे. नीट मोजा."

मुठीतले मनगट उबदार होते, नाडी चालू होती. घोरणे मात्र थांबले होते, आणि न्दापेवा काही केल्या मान वळवणार नव्हती.